बारा-तेराचा पाना

९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुम्ही निक्षून बजावलं होतंत की ही पानं दादाच्या नजरेला पडू देऊ नकोस. नजरेला नाही पडली, कानावर पडली. आता रागवायचं असेल तर रागवून घ्या, तोवर मी पाणी पिऊन येते.

झालं असं. परवा दुपारी शिवणाचं मशीन बंद केलं, पडद्यांचा ढीग बाजूला सारला आणि तुमचं पाकीट उघडून बसले. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ओठ हलतात, आणि ओठ हलले की आवाज निघतोच. शाळेत यासाठी मार खाल्लाय, पण खोड गेली नाही. हे मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते, गेलं वर्षभर असतात तसे. मी आपली वाचतेय: तुमचा तो लिफ्टचा मिस्त्री लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो, पकडीने रुळाचा बोल्ट आवळतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "पक्कड नाही. बारा-तेराचा पाना."

माझ्या हातातून पानं सुटली. यांचा जोडीदार मुंगळा गेल्यापासून यांच्या तोंडून "हो", "नको" आणि "ठेव तिथे" याखेरीज काही ऐकलं नव्हतं. मी वळून पाहिलं तर हे दारात उभे. म्हणाले, "पकडीने बोल्टाचे कोपरे गोल होतात, मापाचा पाना लागतो. तुझ्या लेखकरावांना कळव." आणि मग, भाऊजी, स्वतःहून विचारलं, "पुढे काय होतं त्याचं?"

तुम्ही लांब आहात, म्हणून घरातलं जरा सांगते. दोघं वीस वर्षं एकत्र लिफ्टदुरुस्तीचं काम करत होते. हे तळघरातल्या मशीनच्या खोलीत, मुंगळा शेजारच्या खड्ड्यात. त्या दिवशी यांनी स्विच टाकला आणि तो अजून खाली होता. चौकशीत दोघांनी नियम मोडला असं ठरलं, कंपनी कामावर या म्हणते, हे जात नाहीत. मुंगळ्याचं घर आमच्यापासून चार गल्ल्या सोडून. तिथे हे एकदाही गेले नाहीत, अंत्यविधीलासुद्धा नाही. लोक काय काय बोलतात ते लिहून पेन कशाला झिजवू. तुम्ही तरी कुठे आलात? पानं मात्र पाठवलीत.

टोमणा मारायचा नव्हता, बसला. असू द्या. पुढची प्रकरणं लवकर पाठवा, माझी शपथ आहे. आमच्या घरात वर्षभरात कुणी पहिल्यांदा "पुढे काय" असं विचारलंय.

तुमची वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

पाणी पिऊन झालं असेल तर ऐक. मी भयंकर रागावलो होतो. साधारण तुझ्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदापर्यंत. मग पत्र टेबलावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दादाने माझी चूक काढली! लहानपणी माझ्या सायकलची चेन बसवताना काढायचा, तशी.

टोमणा बरोबर बसला. मी आलो नाही, कारण समोर येऊन काय बोलायचं ते कळत नव्हतं. मग लिहायला घेतलं. भावाच्या दुःखावर त्याच्या पाठीमागे कादंबरी लिहायची म्हणजे घरातल्या घरात चोरी, आणि चोराच्या मनात चांदणं. म्हणून तुला गप्प बसायला सांगितलं होतं. निदान आता चोरी उजेडात झाली.

कादंबरी अपराधाची आहे आणि त्यातून माणसाची सुटका होते की नाही, याची आहे. पण एका जागी मी अडलोय. चौकशीच्या कागदांत लिहिलंय, "खड्ड्यातील व्यक्ती बाहेर आल्याची खात्री न करता." वहिनी, दादा दाराची कडी तीनदा ओढून बघणारा माणूस. त्याची खात्री झाली असणार. कशावरून झाली? आणि मुंगळा एकदा बाहेर आला असेल, तर परत खाली कशाला उतरला? कागदांत "कारण अज्ञात" आहे. मी तूर्त बॅटरी विसरली म्हणून उतरला, असं लिहिलंय.

विचारशील का त्याला? मी लेखक म्हणून विचारतोय की भाऊ म्हणून, ते मला धड सांगता येणार नाही. सोबत तीन प्रकरणं आहेत. पकडीच्या जागी पाना घातलाय, सांग त्याला.

तुझा
लेखकराव


२४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आता हे पुढच्या खोलीत येऊन बसतात. मशीनशेजारच्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. तुमचं आभाळाचं वर्णन सुरू झालं की म्हणतात, "हे सोड, लिफ्टकडे चल." वाईट वाटून घेऊ नका. मीही दोन परिच्छेद गिळलेच होते.

तुमचा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीच सांगितलं. तुमच्या मिस्त्रीने स्विच टाकला ते वाचून झालं, आणि हे म्हणाले, "चहा ओतला होता."

नियम असा असतो की खड्ड्यात उतरणाऱ्याने मेन स्विचची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. सुरुवातीला हे दोघे ठेवायचे. मग वर्षं गेली, एकमेकांच्या पावलांचा आवाजही ओळखू यायला लागला, आणि किल्ली स्विचलाच लटकू लागली. त्यांची खूण दुसरीच होती. काम संपवून मुंगळा वर आला की थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा. कप भरलेले दिसले म्हणजे खड्डा रिकामा. वीस वर्षं ही खूण कधी चुकली नाही.

त्याला मुंगळा का म्हणायचे ते माहीत आहे ना? साखरेपायी. कपात चहा कमी आणि पाक जास्त. पुढे डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हापासून त्याची बायको थर्मासात बिनसाखरेचा चहा भरून द्यायची. यांना म्हणायची, "तुम्ही लक्ष ठेवा, ते माझं ऐकत नाहीत." हे लक्ष ठेवायचे आणि तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून प्यायचा. किती हसायचो आम्ही.

त्या दिवशी हे हात धुवायला गेले होते. परत आले तर अवजारांच्या पेटीवर दोन कप, वाफ निघतेय. एका कपातला घोटभर कमी होता. त्यांना वाटलं, तोही हात धुवायला गेला असेल. स्विच टाकला. त्याच मिनिटाला वर कुणीतरी बटण दाबलं होतं.

मी विचारलं, "हाक नाही मारली?" म्हणाले, "चहा ओतला होता ना." एवढंच, दोनदा.

ती बॅटरीची ओळ मात्र मी वाचली आणि हे ताडकन उठून मागच्या खोलीत गेले. जेवायलाही आले नाहीत. तिथे काहीतरी दुखतं, भाऊजी, त्या जागेवर पुन्हा बोट ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी परत स्टुलावर. आणि विचारलं, "तो जातो का शेवटी? त्या जोडीदाराच्या बायकोकडे?" मी म्हटलं, अजून लिहून व्हायचंय. तर म्हणाले, "जात असेल तर सांग."

आता मी पदर पसरते. त्याला जाऊ द्या. तिला दार उघडू द्या. दोन शब्द बऱ्यापैकी बोलू द्या तिला. पेन तुमच्या हातात आहे, शाई तेवढीच लागणार. हे त्या मिस्त्रीच्या मागे मागे चालतायत, हे तुम्हाला दिसत नाही का? तो जिथे थांबेल तिथे हे थांबतील.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. दोन कप चहा. इतकी वर्षं लिहितोय, पण हे मला सुचलं नसतं. कादंबरीत घेतलंय, दादाने परवानगी दिली असं समजून.

शेवट मात्र तू म्हणतेस तसा होणार नाही. रागावू नकोस, नीट ऐक.

माझा मिस्त्री तिच्या दारापर्यंत जातो. हात उचलतो. आतून भांड्यांचा आवाज येतो, आणि त्याला कळतं की या घरात आता एकच ताट मांडलं जातं. तो हात खाली घेतो, परत फिरतो, आणि उरलेलं आयुष्य सगळीकडे जिन्याने जातो. बस. मी दुसरा शेवट लिहून पाहिला, शपथेवर सांगतो. तिने दार उघडलं, "या" म्हणाली, आणि सगळं वाक्य न् वाक्य खोटं वाजायला लागलं. ज्या बाईचा नवरा गेला, तिच्या तोंडी मी माझ्या सोयीची माफी घालायची? माणूस तिचा मेला आणि सुटका आमच्या माणसाची? मुंगळ्याच्या मरणाचा एवढा स्वस्त निकाल लावायला माझा हात धजत नाही.

आणि खरं सांगू? दादा गेला नाही. एका वर्षात चार गल्ल्या ओलांडून गेला नाही. मी त्याच्यावर जीव टाकतो, पण तो भ्याला, वहिनी. कादंबरीतला माणूस निदान दारापर्यंत तरी जातो.

शेवटचं प्रकरण सोबत आहे, फक्त तुझ्यासाठी. दादाला वाचून दाखवू नकोस. सांग, लेखकराव आजारी आहेत, हात मोडला, काहीही सांग.

भाऊजी


१९ मार्च

भाऊजी,

मी तुमचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. पण तुमचं नाही.

काय करू? हे तीन दिवस पोस्टमनची वाट बघत खिडकीशी बसले होते. पाकीट यांच्याच हातात पडलं. "वाच," म्हणाले. मी पानं समोर धरली आणि तुमच्या अक्षरांकडे बघत माझं सांगत गेले. तो जिने चढला. दार वाजवलं. तिने उघडलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आत या, चहा करते." आणि दोन कप ओतले. मध्ये मध्ये पान उलटायचं विसरले नाही. आयुष्यात कधी गोष्ट रचली नाही हो मी, पडद्याची मापं चुकली तरी गिऱ्हाइकाला खरं सांगते.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "दार उघडते ते परत वाच." आता तेच शब्द कुठून आणू? दुसरेच आले. मी म्हटलं, "या, बसा." यांनी माझ्याकडे पाहिलं. उठले, आणि कपाटातून पांढरा शर्ट काढून इस्त्रीला ठेवला. म्हणाले, "रविवारी जाऊन येतो."

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या बिचारीने कुठे कादंबरी ऐकलीय?

म्हणून काल मीच तिच्याकडे गेले. तिचा भाऊ आलेला होता, तो फिटर आहे, दारात हाताची घडी घालून उभा. मी तिला म्हटलं, रविवारी हे येतील, फक्त दार उघडा, दोन घोट चहा द्या, मी साखर-दूध घेऊन येते हवं तर. काय बोलत होते मी, भाऊजी! तुमच्या पुस्तकाचंही बोलून गेले. तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "नवरा माझा गेला. आता माफीही मीच करायची, आणि तीसुद्धा तुमच्या रविवारी?"

मी निघाले तर तीच म्हणाली, "थांबा. माफी-बिफी मला कळत नाही. मला एकच कळायला हवंय. ते बाहेर आले होते ना? मग परत खाली का उतरले? त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. साखरेवरून. न बोलताच गेले. वर्ष झालं, मी रोज तेवढंच चघळतेय, की कशासाठी उतरले. तुमच्या माणसाला माहीत असणार. तेवढं सांगायला का नाही आला तो?"

तिचा भाऊ म्हणाला, "पुस्तक छापून येऊ द्या. मी वाचणार आहे."

घरी येऊन यांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं तर जाणार नाहीत. नाही सांगितलं तर त्या दारात उभे राहतील आणि आत चहा नसेल. मी काय करून बसले हो? तुमचं खरं वाचून दाखवलं असतं तर निदान शर्ट कपाटात राहिला असता.

वहिनी


२३ मार्च

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं, आणि उद्याच रविवार. हे तुला वेळेवर पोचणार नाही, तरी लिहितोय. थांबव त्याला. सगळं सांग, मला शिव्या घाल, मी लिहिलेलं खरं प्रकरण त्याच्यापुढे टाक. शेजारच्या दुकानात फोन लावला, कुणी उचलत नाही.

तिने विचारलं ते मी केव्हाचं विचारायला हवं होतं, आणि मी तिथे एक बॅटरी ठेवून मोकळा झालो. वहिनी, त्याला तिच्या दारात एकटं सोडू नकोस.

भाऊजी


२८ मार्च

प्रिय भाऊजी,

हे पत्र वाचलंत की फाडून टाका.

रविवारी दुपारी हे निघाले. मी म्हटलं, मीही येते. "कोपऱ्यापर्यंत," म्हणाले. मी कोपऱ्यापर्यंत गेले, मग इमारतीपर्यंत, मग त्यांच्या मागून जिना चढून खालच्या वळणावर थांबले. कठड्याच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसत होते आणि तिचा दरवाजा.

यांनी वाजवलं. तिने उघडलं. "आत या" म्हणाली नाही. दाराला हात लावून उभी राहिली. हेही उंबऱ्याच्या बाहेर. मला वाटलं, आता पाया पडतील, रडतील, काहीतरी. तिनेच विचारलं, "ते परत खाली का गेले?"

हे म्हणाले, "मी पाठवलं."

तिला कळलं नसावं. यांनी परत सांगितलं, आवाज चढवून, पाठ केलेलं म्हणावं तसं: "माझा पाना खाली राहिला होता. तो चहा ओतून बसला होता, प्यायला लागला होता. मी म्हटलं, आधी माझा पाना आण. तो उठून गेला. मी हात धुवायला गेलो, आणि आलो तेव्हा विसरलो की मीच पाठवलंय."

भाऊजी, हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. वर्षभर मी ज्या माणसाला भात कालवून भरवला, त्याने हे पोटात ठेवलं होतं? स्वतः पाठवलं आणि विसरला?

ती म्हणाली, "पान्यासाठी." नुसतं एवढंच, दोन-तीनदा. मग म्हणाली, "ते भांडून गेले होते माझ्याशी. रागात होते का?" हे म्हणाले, "नाही. सकाळभर तुझंच सांगत होता. म्हणाला, बायको माझ्या भल्यासाठी ओरडते. चहा बिनसाखरेचा होता, तरी गुपचूप पीत होता."

यावर तिचा चेहरा जो झाला तो मला लिहिता येत नाही. मग तो चेहरा मिटला, आणि ती म्हणाली, "पुन्हा या दारात दिसू नका. तुम्ही मेलात तरी मी येणार नाही." दार लावलं. आपटलं नाही. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्याने, वर्षभर दाबलेलं. तिचा भाऊ धावत येऊन यांच्या छातीला हात लावून ढकलत होता, आणि हे विस्कटलेल्या शर्टाला हातही न लावता जिना उतरले. माझ्या अंगावरून गेले. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

घरापर्यंत मी दहा पावलं मागे राहून चालले. खरं तर घरी यायचंच नव्हतं. दार लावलं आणि म्हटलं, "तुम्ही त्याला पाठवलंत?"

यांनी आपली कामाची पिशवी खाली काढली, वर्षभर कुणी न उघडलेली. तळातून एक छोटी पत्र्याची डबी काढून माझ्या हातात दिली. एका बाजूने चेपलेली. उघडली तर साखर. कडक झालेली, ओल लागून गाठ झालेली.

ती मुंगळ्याच्या मुठीत होती. यांच्यापासून लपवून तो ती खड्ड्यातल्या हत्यारांच्या झोळीत ठेवायचा, कारण हे लक्ष ठेवायचे ना! त्या दिवशी हे हात धुवायला गेले, त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं असेल, आणि हे यायच्या आत चमचाभर साखर घालून घ्यावी म्हणून पटकन खाली उतरला. लोक जमायच्या आधी यांनी ती डबी त्याच्या मुठीतून सोडवून खिशात टाकली. चौकशीत सांगितलं, मला माहीत नाही.

"तिला कळलं असतं तर?" हे म्हणाले. "तिने साखर घातली नाही म्हणून तो मेला, असंच तिने धरलं असतं. जन्मभर. मी गेलो असतो तर तिने हेच विचारलं असतं, आणि मला तोंडावर खोटं बोलता येत नाही. म्हणून गेलो नाही. लोक म्हणाले भ्याला, म्हणू देत."

मी विचारलं, "मग आज?"

तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तो शेवट तुझा होता ना? माझा भाऊ कुणाला असा फुकटचा चहा पाजणार नाही. आणि दुसऱ्यांदा वाचलंस तेव्हा शब्द बदलले." मी मान हलवली. म्हणाले, "गिऱ्हाइकाशी खोटं न बोलणारी बाई तू. माझ्यासाठी कोऱ्या चेहऱ्याने पानं उलटत बसलीस. तेव्हा कळलं, माणसासाठी खोटं बोलता येतं. जमतं."

भाऊजी, हे माफी आणायला गेलेच नव्हते. मिळाली असती तर मिळाली असती, ती वाटसुद्धा स्वतःच्या हाताने बंद करून आले. आता ती यांना कधीच माफ करणार नाही, आणि हेच यांना हवं होतं. मी इतकी रडले की यांनीच मला पाणी आणून दिलं.

हे बरोबर झालं की नाही, मला अजून कळत नाही. खरं ऐकायचा तिचा हक्क नव्हता का? रडता रडता हे विचारलं, तर म्हणाले, "होता. तो मी तिच्याकडून चोरला. तेही माझ्या खात्यावर."

संध्याकाळी मी चहा केला. यांनी घेतला, वर्षाने पहिल्यांदा. साखर नको म्हणाले.

तुम्ही यांना भित्रा म्हणालात, ते मी वाचून दाखवलेलं नाही.

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

पत्र फाडलं. फाडायच्या आधी इतक्यांदा वाचलं, की फाडून काही उपयोग नाही.

मी त्याला भित्रा म्हणालो. लिहून म्हणालो. पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्यासमोर बसायला. काय बोलायचं ते अजूनही ठाऊक नाही, पण या वेळी त्यावाचून अडणार नाही.

डबीचा प्रसंग माझ्या उभ्या जन्मात लिहिता येईल त्याहून मोठा आहे, आणि मी तो कधीही लिहिणार नाही. बॅटरी काढून टाकली. आता माझा मिस्त्री जोडीदाराला चहावरून उठवून पाना आणायला पाठवतो आणि विसरतो. प्रकाशक म्हणाले, असा माणूस वाचकांना आवडणार नाही, याची काही बाजू तरी दाखवा. मी म्हटलं, याला बाजू नाही, असाच होता तो. हे म्हणताना माझा आवाज कसा निघाला, मला माहीत नाही.

खरं तर हस्तलिखित परत घ्यावं असंच वाटतंय. दादाला विचार. तो नको म्हणाला तर मी ते जाळून येईन आणि तुझे पडदे शिवायला बसेन.

भाऊजी


१० एप्रिल

धाकट्या,

तुझ्या वहिनीने तुझं पत्र वाचून दाखवलं. या खेपेला खरं तेच वाचलं, मी कागद धरून बसलो होतो. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

कादंबरी मागे घेऊ नकोस. छापून येणार हे त्या घरी कळलेलं आहे. आली नाही तर का नाही आली असं विचारतील, आणि लोक एकदा विचारायला लागले की थांबत नाहीत.

माझी बाजू घालू नकोस. आभाळ कमी कर.

सोमवारपासून कामावर जातोय. नवा जोडीदार दिलाय. तो खड्ड्यात उतरताना मी किल्ली त्याच्या खिशात टाकतो आणि वरून खिसा चाचपून बघतो. तो हसतो मला.

एक बघ. तुझ्या पत्रासोबत आलेल्या प्रकरणात तू नुसतं "पाना" लिहिलंयस. तिचा भाऊ फिटर आहे, तो वाचणार आहे. खड्ड्यात काय राहू शकतं आणि काय नाही, हे त्याला कळतं. उगाच मोघम दिसलं तर त्याच्या मनात येईल की ही थाप आहे, आणि तो बहिणीला बोलेल. पाना बारा-तेराचा लिही.

दादा